पाडव्याचं भांडण मृगावर का ढकललंत?

प्रति,
मेजर लीग बेसबॉलचं वेळापत्रक आखणारी मंडळी,
न्यू यॉर्क.

विषय : हंगामाची पहिली मॅच बॉस्टन रेड सॉक्स विरुद्ध न्यू यॉर्क यांकीज अशी लावण्याबाबत.

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण भांडणाबद्दल इंग्रजीत लिहायला गेलं की माझं सगळंच फार सभ्य होऊन बसतं. तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटरपाशी कुणी ना कुणी पुण्याचा असेलच. त्याच्याकडून वाचून घ्या. तुमचं ऑफिस न्यू यॉर्कात आहे, यावर मला बरंच काही बोलता येईल. पण कामाचं पत्र आहे, म्हणून ते सोडून देतो.

आधी ओळख. मी बॉस्टनच्या पश्चिमेला फ्रेमिंगहॅमला राहतो. २००४ च्या ऑगस्टमध्ये इकडे आलो तेव्हा बेसबॉलमधलं मला एवढंच कळत होतं की बॅट गोल असते आणि ती फेकून पळायचं असतं. दोन महिन्यांनी बाद फेरीतल्या सात मॅचेसच्या झुंजीत रेड सॉक्स यांकीजविरुद्ध तीन-शून्य असे मागे पडले, मग ओळीने चार मॅच जिंकले, आणि पाठोपाठ वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं अजिंक्यपदही घेऊन आले. त्या सकाळी ऑफिसातले साठीचे एक गृहस्थ कॉफीच्या मशीनपाशी उभे राहून रडत होते. घरात कुणी गेलं की काय, म्हणून मी दबक्या आवाजात चौकशी केली. “वडील हवे होते आज,” एवढंच म्हणाले. मग कळलं, याआधी आमची टीम जिंकली होती ती १९१८ साली. त्यानंतर वर्षभराने आमचा हिरा, बेब रुथ, यांकीजना विकून टाकला आणि साडेसाती मागे लागली ती लागलीच. आपल्याकडे शनीसुद्धा साडेसात वर्षांत कंटाळून पुढच्या राशीला जातो. इथे तो ८६ वर्षं पाट मांडून बसला होता.

मी नवा होतो. मला वाटलं, हे असं इथे दर वर्षीच होतं.

दुसरी ओळख करून द्यायची ती माझ्या मेहुण्याची. तो न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आणि यांकीजचा भक्त. मला तो दाजी म्हणतो. यांकीज जिंकले की जरा जास्तच आदराने म्हणतो. फ्रेमिंगहॅम ते एडिसन गाडीने चार तासांचा रस्ता. मध्ये कनेटिकटमध्ये कुठेतरी ती अदृश्य सीमा लागते, जिथे पेट्रोलपंपावरच्या लोकांच्या डोक्यावरच्या टोप्या बदलतात. आमची मुलं लहान असताना मागच्या सीटवरून टोप्या मोजत आणि ‘आता मामाचं राज्य आलं’ अशी आरोळी ठोकत. बायको तटस्थ आहे. सासरही तिचं आणि माहेरही तिचं, त्यामुळे कोणीही हरलं तरी तिला फोनवर एकाची समजूत काढावीच लागते.

आता तक्रार.

२०२३ साली आमची आणि यांकीजची पहिली भेट तुम्ही ९ जूनला लावलीत. २०२४ साली १४ जूनला. २०२५ साली ६ जूनला. हंगाम सुरू होतो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे साठ-सत्तर मॅचेस उरकून, माणसं दमून-भागून, निम्म्या टीमच्या खांद्याला बर्फाच्या पिशव्या बांधून झाल्यावर तुम्ही आम्हाला म्हणता, हं, आता भांडा. आमच्याकडे ६-७ जून म्हणजे मृग लागायची वेळ. पेरणीचे दिवस. बांधावरून जे काय वाजायचं असतं ते त्याआधी वाजून गेलेलं असतं. तुम्ही पाडव्याचं भांडण उचलून मृगावर नेऊन ठेवलंत.

मला कारण माहीत आहे. २०२३ पासून प्रत्येक टीमने उरलेल्या एकोणतीसच्या एकोणतीस टीमशी खेळायचं असं ठरलं, आणि त्यासाठी आपापल्या गटातल्या टीमशी १९ ऐवजी १३ च मॅचेस ठेवल्यात. आम्ही आणि यांकीज एकाच गटातले. पाहुण्यांना जागा करायला घरच्यांना पंगतीतून उठवल्यासारखं झालं हे. पण ते एक वेळ राहू द्या. तेरा तर तेरा. त्यातली पहिली मार्चमध्ये का नको?

एप्रिलमध्ये मेहुण्याचा फोन येतो तेव्हा हल्ली आम्ही काय बोलतो, सांगू का? हवापाणी. मुलांचे मार्क. आणि टॅक्स भरला का. त्या फोनवर दोन पुरुष इतके समजूतदारपणे बोलत असतात की बायकोने परवा काळजीने विचारलं, तुमचं काही बिनसलंय का?

तुम्ही म्हणाल, अहो, १६२ मॅचेसचा हंगाम, त्यातल्या पहिल्या मॅचला कोण विचारतं. हेच मला २००५ साली ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. ३ एप्रिलची रविवारची रात्र, यांकी स्टेडियम, सबंध लीगच्या हंगामातली पहिलीवहिली मॅच. यांकीजकडून चेंडू टाकायला नव्याने आलेला उंचच उंच रँडी जॉन्सन. आमच्याकडून डेव्हिड वेल्स, जो पूर्वी यांकीजकडूनच खेळायचा. हे म्हणजे शेजाऱ्याचा जुना वकील घेऊन शेजाऱ्यावरच दावा लावण्यासारखं. हरलो, ९-२. मी तोंड पाडून बसलो, तर सगळे म्हणाले, अजून १६१ आहेत, चल जेवायला.

तो हंगाम संपला तेव्हा दोन्ही टीमच्या नावावर तंतोतंत ९५ विजय आणि ६७ पराभव होते. मग गटविजेता कोण? आपापसातल्या १९ मॅचेसमध्ये यांकीज १०-९ ने पुढे होते, म्हणून गट त्यांना दिला. आता ती ३ एप्रिलची मॅच उलटी करून पाहा. बोटं मोजायचीही गरज नाही. मी तेव्हा पेन्सिल-कागद घेऊन हे ऑफिसभर दाखवत फिरलो होतो. कुणी फारसं हललं नाही, कारण आम्ही दुसऱ्या वाटेने बाद फेरीत पोचलो होतोच. पुढे आम्ही आणि यांकीज दोघंही पहिल्याच फेरीत हरून घरी आलो, तो भाग वेगळा. पण ‘पहिल्या मॅचला कोण विचारतं’ हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

त्याच एप्रिलमधला आणखी एक दिवस सांगतो, कारण या दोन टीम हंगामाच्या तोंडावर भेटण्यात काय मजा असते हे त्याहून चांगलं मला सांगता येणार नाही. ११ एप्रिल २००५. फेनवे पार्कवरची, म्हणजे आमच्या घरच्या मैदानावरची, त्या वर्षीची पहिली मॅच. वर्ल्ड सिरीजच्या अंगठ्या वाटायचा दिवस. आणि पाहुणे कोण लावलेत तुम्ही? यांकीज! ८६ वर्षांनी आमच्या घरी कार्य, आणि मांडवात व्याह्यांऐवजी भावकी. त्यांचे खेळाडू डगआउटच्या, म्हणजे मैदानाकडेच्या त्यांच्या बसायच्या जागेच्या, पायरीवर उभं राहून तो सोहळा बघत होते. मग दोन्ही टीमच्या खेळाडूंची एकेक करून नावं पुकारली. यांकीजच्या प्रत्येक नावाला रीतसर हुर्यो. आणि मारियानो रिवेराचं नाव आलं तसं सबंध फेनवे पार्क उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं.

रिवेरा म्हणजे मॅच संपवायला येणारा त्यांचा हुकमी पिचर, आपल्या भाषेत बोलर. तो आला की लोक पार्किंगकडे निघायचे. पण आदल्या ऑक्टोबरात आमच्याविरुद्ध लागोपाठ दोन रात्री त्याच्या हातातून आघाडी निसटली होती, आणि हंगाम सुरू झाल्यावर त्या आठवड्यातही तेच झालं होतं. त्याबद्दल हे आभारप्रदर्शन. एखाद्या भल्या माणसाची इतकी मनापासून आणि इतकी वाह्यात थट्टा मी पुण्याच्या बाहेर पाहिली नव्हती. आणि तो माणूस! हसला. दिलखुलास हसला, टोपी काढली आणि आम्हा सगळ्यांना दाखवली. त्या एका हसण्याने त्याने अख्खं स्टेडियम खिशात घातलं. मी टीव्हीसमोर होतो. मेहुण्याचा फोन आला. “दाजी, माणूस बघितलात ना आमचा?” मला हो म्हणावं लागलं. मॅच आम्ही ८-१ ने जिंकलो, पण त्या दिवसाचं म्हणून ते हसणंच आठवतं.

असं जूनमध्ये होत नाही. जूनपर्यंत सगळे व्यवहारी झालेले असतात.

२०१० ला तुम्ही पुन्हा पहिली मॅच आमची लावलीत. ४ एप्रिल, रविवार, रात्री आठ वाजता, फेनवे. आमच्या जुन्या पेड्रो मार्टिनेझने मानाचा पहिला चेंडू टाकला. मध्यावर ५-१ असे मागे होतो, शेवटी ९-७ ने जिंकलो, आणि हे सगळं व्हायला पावणेचार तासांहून जास्त लागले. पुढच्या दोन रात्रींचंही घड्याळ बघितल्यावर अंपायर जो वेस्ट यांनी या दोन टीम खेळ किती रेंगाळत करतात यावर जाहीर तोफ डागली. बरोबरच होतं त्यांचं. एकेक बॅटर हातमोजे असे सोडायचा आणि बांधायचा की एवढ्या वेळात आमच्याकडे सत्यनारायणाचा एक अध्याय होतो. पण गंमत बघा. वेळ वाचवायला तुम्ही पिचरच्या डोक्यावर घड्याळ लावलंत ते २०२३ साली, आणि आमच्या मॅचेस कमी केल्यात त्याही २०२३ सालीच. मॅचेस छोट्या झाल्या, चला, आता निदान बायकोची बोलणी न खाता शेवटपर्यंत बघता येतील म्हणेस्तोवर तुम्ही मॅचच काढून घेतल्यात.

पहिल्या मॅचवरून वर्ष कसं जाणार ते कळतं, असा माझा मुळीच दावा नाही. २०१० ची पहिली जिंकलो आणि गटात तिसरे आलो. २०१३ ची पहिली यांकी स्टेडियमवर ८-२ ने जिंकलो आणि वर्ल्ड सिरीजही जिंकलो. यातून कोणत्याही ज्योतिषाला काही काढता येणार नाही. २०११ तर विचारूच नका. टेक्सासला आणि क्लीव्हलंडला जाऊन सलग सहा मॅच हरून आमचे वीर घरी परतले. ८ एप्रिलला फेनवेवर समोर यांकीज. त्या दिवशी ९-६ ने वर्षातला पहिला विजय मिळाला, त्यांच्याविरुद्ध. मेहुण्याला मी रात्री मुद्दाम पेढ्याचा फोटो पाठवला. सहा हरून एक जिंकल्याचे पेढे! पण सप्टेंबर आला आणि सगळंच घसरत गेलं. शेवटच्या रात्री अशी वेळ आली की आम्ही बाल्टिमोरला शेवटच्या इनिंगमध्ये हरलो आणि आम्हाला वाचवायला टँपा बेविरुद्ध यांकीजनी जिंकायला हवं होतं. यांकीजनी! ते आधी ७-० ने पुढे होते. मी, फ्रेमिंगहॅमचा मी, यांकीज जिंकावेत म्हणून देव पाण्यात घालून बसलो. ते ८-७ ने हरले. एका मॅचने आमचं वर्ष गेलं. मेहुणा शपथेवर सांगतो की त्यात त्याचा हात नव्हता. माझा अजून विश्वास नाही.

तेव्हा एका मॅचची किंमत मला शिकवू नका.

आता थंडीचं बोलतो, कारण तो तुमचा मुद्दा खरा आहे. बॉस्टनचा मार्चअखेर म्हणजे वसंत फक्त कॅलेंडरवर. फेनवेच्या स्टँडमध्ये मी आतून थर्मल, वरून दोन स्वेटर, त्यावर रेड सॉक्सची जर्सी आणि डोक्याला आईने विणलेली माकडटोपी अशा वेशात बसलोय. जर्सी सगळ्यात वर घालायची असल्यामुळे मी लाल पाकिटातल्या उशीसारखा दिसतो. २०२२ ला तर तुम्ही न्यू यॉर्कला पहिली मॅच ७ एप्रिलला ठेवलीत आणि पावसाच्या अंदाजाने ८ तारखेवर ढकललीत. आम्ही पहिल्याच इनिंगमध्ये तीन रन काढले. मी मेहुण्याला लगेच एक आगाऊ मेसेज टाकला. ही चूक मी दर वर्षी करतो. आठव्या इनिंगमध्ये त्यांनी बरोबरी केली, ठरलेल्या नऊ इनिंग संपूनही निकाल लागेना, आणि दहाव्यापासून तुमचा तो नवा नियम सुरू झाला, ज्यात प्रत्येक टीमचा एक गडी फुकट दुसऱ्या बेसवर उभा करतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. अकराव्या इनिंगमध्ये हरलो, ६-५. रात्री फोन. “दाजी, झोपलात का?” मी झोपलो नव्हतो. तसं सांगितलं मात्र नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून जुनं काय काय चाळत बसलो आणि एक जागा सापडली. ती तुम्हाला दाखवायची म्हणूनच खरं तर हे पत्र. फेनवे पार्क उघडलं २० एप्रिल १९१२ ला. टायटॅनिक बुडून पाचच दिवस झाले होते, त्यामुळे पेपरात त्या मॅचला फारशी जागाच मिळाली नाही. पाहुणी टीम न्यू यॉर्कची. तेव्हा त्यांना हायलँडर्स म्हणत, यांकीज हे नाव पुढच्या वर्षी आलं. ती मॅचही पावसाने पुढे ढकलली होती. तीही अकरा इनिंग चालली. तीही एका रनने सुटली. ७-६. फक्त जिंकलो होतो आम्ही. बरोबर ११० वर्षांनी तोच पाऊस, तेवढ्याच इनिंग, तेवढाच फरक, आणि बाजू तेवढी उलटी. हिशोब चुकता झाला म्हणायचा.

बरं, त्यांचं घर? जुनं यांकी स्टेडियम १८ एप्रिल १९२३ ला उघडलं, हंगामाच्या पहिल्याच दिवशी. पाहुणे आम्ही. बेब रुथने, आमच्या त्या विकलेल्या बेब रुथने, तीन रनचा होमरन मारला आणि आम्ही ४-१ ने हरलो. म्हणजे दोघांच्याही वास्तुशांतीला पहिलं पान एकमेकांचंच मांडलेलं होतं. ही रीत तुमच्या आजोबा-पणजोबांनी घालून दिलेली आहे. मी नवं काही मागत नाहीये.

नवं तुम्ही करता. २०१९ ला आमचं भांडण उचलून लंडनला नेलंत, क्रिकेटच्या माहेरी. पहिल्या मॅचचा स्कोअर १७-१३. मुंबईतल्या माझ्या आतेभावाला वाटलं, सेट किती झाले ते मी सांगायला विसरलो. दोन्ही मॅच यांकीज जिंकले. त्याबद्दल मी अधिक काही लिहीत नाही.

आयपीएलवाल्यांना हे कळतं. २०१८ साली चेन्नई दोन वर्षांच्या बंदीनंतर परत आली, तर त्यांनी पहिलीच मॅच कुठे लावली? वानखेडेवर, मुंबईशी. चेन्नई एक विकेट आणि एक चेंडू राखून जिंकली. माझा तोच आतेभाऊ दादरचा, त्या रात्री जेवला नाही. पण मे महिन्यापर्यंत तो दर आठवड्याला त्या मॅचबद्दल बोलत होता. पहिल्याच दिवशी बोलायला काहीतरी मिळालं होतं ना.

तुमचं काम अवघड आहे, हे मला मान्य आहे. तीस टीम, प्रत्येकीच्या १६२, एकूण २,४३० मॅचेस. विमानं, टीव्हीवाले, कुणाच्या मैदानावर गाण्याचा कार्यक्रम. कुठेतरी वाचलं की १९८२ पासून २००४ पर्यंत हे अख्खं वेळापत्रक हेन्री आणि हॉली स्टीफन्सन हे नवरा-बायको मिळून करत. बावीस-तेवीस वर्षं! आमच्या घरी मुंजीला कुणाला बोलवायचं याची यादी करताना तिसऱ्या नावाला वाद होतो, आणि या जोडप्याने २,००० वर मॅचेस बसवल्या आणि संसारही केला. त्यांना माझा नमस्कार पोचवा. त्यांना माझं म्हणणं कळेल. कुणाला कुणाशेजारी बसवायचं आणि कुणाला समोरासमोर, हे घरात बसून काम करणाऱ्यालाच कळतं.

मागणं एवढंच. दर वर्षी नको. दोन वर्षांतून एकदा हंगामाची पहिली मॅच आमची लावा, एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे. पाऊस आला तर पुढे ढकला, आमची काही हरकत नाही, त्याची आम्हाला १९१२ पासून सवय आहे. थंडीची काळजी तुम्ही करू नका. माकडटोपी आहे.

आणि ऑक्टोबरातल्या बाद फेरीच्या भरवशावर तर आम्हाला मुळीच ठेवू नका. २०२५ ला तिथे भेटवलंत, तीन मॅचेसच्या झुंजीत. पहिली मॅच जिंकलो, दुसरी हरलो, आणि तिसरी आली २ ऑक्टोबरला. दसऱ्याच्या दिवशी. समोर कॅम श्लिटलर नावाचा पोरसवदा पिचर, आठ इनिंगमध्ये बारा गडी एकट्याने बाद, आम्हाला एकही रन नाही. आणि हा पोरगा कुठला? आमच्याच मॅसॅच्युसेट्समधला, वॉलपोलचा, माझ्या घरापासून अर्ध्या तासावरचा. आम्ही सोनं म्हणून ज्याची पानं वाटायची, तो आपटा आमच्याच कुंपणातून उपटून त्यांनी ब्राँक्समध्ये, यांकी स्टेडियमच्या अंगणात, लावला होता. मॅच संपली, फोन वाजला. मी उचलणार नव्हतो, पण बायकोने स्पीकरवर टाकला. “दाजी, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.”

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
फेनवेच्या स्टँडमधला एक माकडटोपीवाला

ता. क. : पत्र पाठवण्याआधी मेहुण्याला वाचून दाखवलं. त्याला सगळं मान्य आहे, फक्त पहिली पाळी ब्राँक्सची हवी म्हणतो. मी म्हटलं, फेनवे अकरा वर्षांनी थोरलं आहे. तो म्हणाला, त्यांचं स्टेडियम २००९ ला नवं बांधलंय, लहानाचा हट्ट आधी पुरवायचा असतो. काल रात्री यावर तासभर फोन चालला. टॅक्सचा विषयसुद्धा निघाला नाही.